पिलारसाठी कडू घास

मानोऱ्याकडच्या कुठल्याही तांड्यावर जा आणि विचारा, की स्पेन देशात राहून आलेली मॅडम कोणती? बकऱ्या राखणारी म्हातारीसुद्धा सांगेल, "ते नमरा मॅडम. आमच्या पोट्ट्यायले शिकवते." पुढे हेही सांगेल, की तिकडचे लोक रात्री दहाला जेवतात, एकेकाला दोन-दोन आडनावं असतात, आणि नवीन वर्ष लागताना घड्याळाच्या ठोक्याला एकेक द्राक्ष तोंडात टाकतात. हे सगळं बरोबर आहे. चूक एकच. नमरा मॅडम स्पेनला कधी गेलेलीच नाही. हैदराबादच्या पुढे तिचं पाऊल पडलेलं नाही. पासपोर्ट आहे, पण त्यावर अजून एकही शिक्का नाही.

आता ही बाई खोटारडी दिसते असं तुम्ही म्हणाल, तर जरा दम धरा. नमरा कारंज्याची. तिचे अब्बा जमशेदभाई गाद्या-रजया भरायचे. अर्ध्या गावाने त्यांच्या हातच्या रजईत थंडी काढली आहे. पोरगी हुशार निघाली, हैदराबादला विद्यापीठात जाऊन स्पॅनिश शिकली, एम.ए. झाली. गल्लीत कोणाला ते उमगलं नाही, लोक तिला इंग्रजीचीच मॅडम म्हणत राहिले, आणि तिनेही समजावत बसणं सोडून दिलं. मग कोरोनाच्या वर्षी तिची निवड झाली. स्पेनमधल्या एका लहानशा गावी, तिथल्या शाळेत, वर्षभर मदतनीस शिक्षिका! राहायला खोलीही ठरली, पिलार नावाच्या एका विधवा बाईच्या घरी. एकदा व्हिडिओ कॉल झाला. पांढऱ्या केसांच्या पिलारने खोली दाखवली, खिडकी दाखवली, आणि नमराच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या अम्मीला हात हलवला. अम्मीनेही ओढणी सावरत हात हलवला.

नंतर विमानं बंद झाली. पुन्हा उडायला लागली तेव्हा जमशेदभाईंच्या छातीत जन्मभराच्या कापसाने ठाण मांडलं होतं. चार पावलं चालले की धाप. भाऊ शादाब नागपुरात, त्याचं दुकान, त्याचा संसार. मग घरी राहिलं कोण? नमरा राहिली. पिलारला "मी येत नाही" एवढं कळवणंही तिच्या जिवावर आलं. आज कळवू, उद्या कळवू, असं करता करता फोन बदलला, नंबर गेला, आणि ती बाई नमराच्या आयुष्यातून निघून गेली. निदान तिला तसं वाटलं.

कारंजा-मानोरा रस्त्यावर वीरेंद्र सरांची निवासी शाळा आहे. सर म्हणजे मोठं बेरकी माणूस, पण दिलदार. आसपासच्या तांड्यांवरची, खेड्यांवरची पोरं त्यांनी गोळा केली, आणि पाटीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहून टाकलं, 'स्पॅनिश शिकवले जाईल'. का? तर शेजारच्या शाळेने जर्मन लिहिलं होतं. नमरा त्यांना आयती सापडली. पहिल्याच पालकसभेत सरांनी माइक हातात घेतला आणि गर्जना केली, "आमच्या मॅडम प्रत्यक्ष स्पेनमध्ये दोन वर्षं राहून आलेल्या आहेत!" पालकांनी टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. सभेनंतर नमरा तडक ऑफिसात गेली. "सर, मी गेलेच नाही हो."

"निवड झाली होती ना?" सर म्हणाले. "मग? कोरोना आडवा आला त्यात तुमचा काय दोष? मनाने तर तुम्ही पोचलाच होतात. तुम्ही काही बोलू नका, बाकी मी पाहून घेतो."

ती बोलली नाही. माणूस फसतो तो असा. खोटं दुसऱ्याने बोलायचं आणि आपण फक्त गप्प बसायचं, यात आपल्याला काय लागतंय असं वाटतं.

पण वर्गात गप्प बसून कसं भागेल? दुसऱ्याच आठवड्यात चंदा राठोड नावाची चुणचुणीत पोर उभी राहिली. ही मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची. आई तिची ऊसतोडीला गेली असताना तिकडेच वारली होती, बापाने दुसरा संसार मांडला होता, आणि पोरीला आजी सांभाळत होती. चंदा म्हणाली, "मॅडम, तुमी तिकडं कोनाच्या घरी राह्यत होत्या? एकल्याच?" वर्ग टक लावून बघत होता. नमराच्या तोंडून निघून गेलं, "एकटी नाही गं. पिलार नावाची आजी होती. तिच्याकडे."

झालं! त्या दिवसापासून पिलार वर्गात राहायला आली ती गेलीच नाही. पुस्तकातलं स्पॅनिश पोरांच्या डोक्यावरून जायचं, पण पिलारचं म्हटलं की कान टवकारायचे. आज्ञा शिकवायच्या तर पिलार ओरडायची: पाय पूस, दार लाव, ताटात टाकू नको. भूतकाळ शिकवायचा तर पिलार लहानपणच्या गोष्टी सांगायची. जेवण झालं तरी तास तास ताटावरच गप्पा मारत बसतात, त्याला 'सोब्रेमेसा' म्हणतात, हे पिलारच्या स्वयंपाकघरातूनच पोरांना कळलं. हे ओरडणं, हे लाड नमराने कुठून आणले? अहो, आणणार कुठून? आपल्या अम्मीकडून. मेहरबी जे जे घरात बोलायची, ते ते दुसऱ्या दिवशी पिलार स्पॅनिशमध्ये बोलायची. जिभेवर 'र' घोळवायचा तर तांड्यावरच्या पोरांना सांगावंच लागलं नाही. बैल हाकताना जो आवाज काढतात तोच त्यांनी काढला, आणि शहरातून आलेला तपासनीस बघतच राहिला.

आता ही पोरं नववीत होती, मधल्या पातळीच्या पुस्तकावर आलेली. पानभर निबंध लिहायची. भांडायचीसुद्धा स्पॅनिशमध्ये. नमरा शिकवायची फार छान, यात वादच नाही. पण रोज घरी जाताना बसमध्ये तिचा जीव घुसमटायचा. पोरं जितकी हुशार होत होती तितका फास आवळत होता, कारण हुशार पोरं प्रश्न विचारतात. कोणता मजला? खिडकीतून काय दिसतं? पिलारच्या मांजराचं नाव काय? आणि एक खोटं सांभाळायला दुसरं जन्माला घालावं लागायचं. कधी तिला वाटायचं, उभं राहावं आणि सांगून मोकळं व्हावं. मग चंदाचं तोंड दिसायचं आणि ती पुढचा धडा काढायची.

यातून सुटायची एकच वाट होती, ती म्हणजे खरंच जाऊन येणं. मदतनीस शिक्षकांची ती निवड दरवर्षी निघते. यंदा वयाच्या अटीत बसायचं तिचं शेवटचं वर्ष. एकदा तिथे राहून आली की खोट्याचं खरं झालं असतं. आणि खोट्याचं सोडा, तिला जायचंच होतं हो! बारा वर्षं जी भाषा शिकवली-शिकली, ती रस्त्यावर बोललेली एकदा कानांनी ऐकायची होती. आपल्या माघारी कोणी औषधाची वेळ चुकवत नाही, अशा ठिकाणी एक वर्ष झोपायचं होतं. दिवाळीनंतर तिने धीर करून अम्मीला विचारलं, त्याच गावासाठी अर्ज करू का म्हणून. मेहरबी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "देखेंगे."

या 'देखेंगे'ला काय म्हणायचं? हो नाही, नाही नाही. नमरा पळून जाणाऱ्यांतली नव्हती. अम्मीच्या होकाराशिवाय ती उंबरठा ओलांडणार नव्हती, आणि अर्जाची मुदत महिनाअखेर संपत होती. रोज सकाळी ती अम्मीच्या तोंडाकडे बघायची. मेहरबी चहा गाळायची, वाफेची मशीन अब्बांच्या तोंडाशी धरायची, बोलायची काहीच नाही.

अशात वीरेंद्र सरांच्या डोक्यात किडा वळवळला. स्नेहसंमेलन तोंडावर आलं होतं. त्यांनी नमराला बोलावलं. "मॅडम, यंदा धमाका करायचा. मोठा पडदा भाड्याने आणतो. त्यावर पिलार मॅडम! थेट स्पेनहून! पोरं त्यांच्याशी बोलतील, पालक बघतील. या शाळेचं नाव वाशीमपर्यंत गाजलं पाहिजे."

नमरा घाईने म्हणाली, "नंबर नाही सर माझ्याकडे. जुन्या फोनबरोबर गेला."

"आजकाल काय सापडत नाही? गावाचं नाव सांगा. आमचा उत्कर्ष आहे ना कॉम्प्युटरला, तो एका दिवसात शोधून काढतो."

हे मात्र खरं होतं. उत्कर्ष तसलाच होता, शोधायला बसला की सोडणारा नव्हता. आणि खरी पिलार पडद्यावर येऊन काय म्हणणार? "नमरा? हो, एक मुलगी येणार होती. आलीच नाही." सगळ्या पालकांसमोर. चंदासमोर.

दोन रात्री नमराने कूस बदलत काढल्या. पिलार आजारी आहे म्हणावं, तर सर म्हणणार दवाखान्यातून बोलू. गावाला गेली म्हणावं, तर म्हणणार परत कधी येते. दुसऱ्या मजल्यावरची ही म्हातारी काही केल्या जायला तयार नव्हती. शेवटी शुक्रवारी, मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला, नमरा फळ्याजवळ उभी राहिली आणि स्पॅनिशमध्ये दोनच शब्द बोलली. "पिलार मुरियो." पिलार वारली.

भाषांतर करायची गरज पडली नाही. इतकं चांगलं शिकवलं होतं तिने, की प्रत्येक पोराला ते तत्क्षणी कळलं.

मग मागच्या बाकावरचा किशन, जो कधी एक वाक्य धड बोलला नव्हता, तो "लो सिएंतो, मॅडम" म्हणाला आणि त्याचं नाक वाहायला लागलं. एकेक करून पोरं रांगेने पुढे आली. "लो सिएंतो." वाईट वाटलं. "लो सिएंतो." नमराला जमीन दुभंगावी असं झालं. शेवटी चंदा आली. तिने ते शेलकं वाक्य म्हटलं, जे नमरानेच महिन्यापूर्वी शिकवलं होतं, की तिकडे मयतीला नुसतं वाईट वाटलं म्हणून भागत नाही, तिकडे म्हणतात, "ले आकोम्पान्यो एन एल सेन्तिमिएन्तो." तुमच्या दुःखात मी सोबत येते. एक अक्षर चुकलं नाही पोरीचं.

वीरेंद्र सरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "अरेरे, आत्ताच जायचं होतं का म्हातारीला!" आणि अर्ध्या मिनिटात सावरून, "मग श्रद्धांजली ठेवू. फोटो पाठवा मॅडम, फ्लेक्स करतो." नमरा बसमध्ये बसली आणि तिने डोळे मिटले. तिला भीती वाटत होती. ती खरी बाई तिकडे कुठेतरी जिवंत असेल, भाजी चिरत असेल, आणि इथे आपण तिला मारून आलो. पण खोटं कशाला बोलू, थोडं हलकंही वाटलं. सुटले एकदाची, असं वाटलं.

शनिवारी चंदा सुट्टी काढून तांड्यावर गेली. आजीला सांगितलं. आजी म्हणजे सुंदरबाई, आयुष्य ऊसतोडीत आणि दुसऱ्याच्या शेतात गेलेलं. पिलारच्या सगळ्या गोष्टी तिला ऐकून पाठ. ती जेवता जेवता थांबली. "तू म्हनली ना मॅडमले, दुःखात संग येतो म्हनून?"

"म्हनली ना."

"मंग चाल. म्हनून घरी बसाचं काय?"

रविवारी दुपारी मेहरबीच्या घरात मटण शिजत होतं. अब्बा आतल्या खोलीत झोपले होते. नमरा मोरीजवळ कपडे पिळत होती. दाराशी बांगड्या वाजल्या, आणि वर बघते तो उंबऱ्यात आरशांच्या ओढणीतली एक म्हातारी, मागे चंदा, हातात कापडात बांधलेलं काहीतरी. नमरा उठायच्या आत म्हातारीने येऊन तिच्या गळ्याला मिठी घातली आणि हंबरडा फोडला. तांड्यावरच्या बाया रडतात तसं, सुरात, मेलेल्याचं एकेक नाव घेऊन, त्याचं घर, त्याचं अंगण सांगत. नमराच्या हातातून ओली चादर खाली पडली.

मेहरबी स्वयंपाकघरातून पळतच आली, हातात पळी तशीच. "या अल्ला! कौन गया?"

आपल्याकडे रडणाऱ्या बाईला आधी कारण विचारत नाहीत, पण मेहरबी घाबरली होती. तिला वाटलं नागपूरहून काही आलं की काय. तेव्हा चंदाने सांगितलं, "मॅडमची पिलार आजी वारली. आमी बसाले आलो."

"पिलार?" मेहरबी म्हणाली.

संपलं सगळं, नमराला वाटलं. आता अम्मी विचारणार, कोण पिलार, कुठली पिलार, हिचा तिचा काय संबंध. आणि खरं सांगू का? त्या भीतीखाली कुठेतरी तिला वाटत होतं, विचार अम्मी. विचार आणि एकदाची सोडव मला.

मेहरबीने विचारलं नाही. ती हळूच भिंतीला टेकली. "वो फोनवाली? सफेद बालोंवाली?" आणि नमराने मान हलवायच्या आत ती मयतीची दुआ, "इन्ना लिल्लाहि", पुटपुटली, आत गेली, आणि मटणाखालचा गॅस बंद करून आली. दुःखाच्या घरात शिजवत नाहीत. तिने सतरंजी अंथरली, सुंदरबाईला हाताला धरून बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसली.

मेहरबीचं एक सांगायला हवं. तिचं माहेर वाशीमकडच्या शिरपूरचं. रागवायची ती उर्दूत, आणि जिवाचं बोलायची वऱ्हाडीत. लग्न होऊन कारंज्यात इतकी वर्षं झाली तरी ते तसंच. तर आता ती वऱ्हाडीत बोलायला लागली, आणि नमराला कळलं की हे लवकर संपणार नाही.

"लय दुरून आल्या बाई तुमी," मेहरबी म्हणाली.

"यावंच लागते ना व," सुंदरबाई डोळे पुसत म्हणाली. "माही लेक कोल्हापूरकडं गेली होती तोडीले. तिकडंच गेली. सांगावा आला तवा सारं होऊन गेलं होतं. आन् तांडा सारा तोडीवर गेलेला. माह्या दारी कोनी बसाले नाही आलं. म्या एकलीनंच रडून घेतलं. मंग हे चंदी म्हने, मॅडमची आजी परमुलखात मेली, मॅडमले जाताबी नाही आलं. म्हनलं, आपून नाही जाऊ तं कोन जाईन?" तिने कापड सोडलं. ज्वारीच्या भाकरी होत्या, वर घट्ट पिठलं. "चूल नसन पेटवली तुमी. हे खाऊन घ्या." मग तिने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि नमराच्या तोंडाशी धरला. मयतीनंतर परक्या घरून आलेला पहिला घास. त्याला कडू घास म्हणतात, आणि त्याला नाही म्हणत नाहीत.

स्वयंपाकघरातून मटणाचा वास दरवळत होता. सुंदरबाईला तो आला नसेल असं नाही. ती त्यावर एक शब्द बोलली नाही.

"आजी," नमरा म्हणाली, "मला तुम्हाला काही सांगायचंय. ती पिलार..."

"मंग सांगजो. आंदी घास घे."

नमराने घास घेतला. तो तिच्याच्याने गिळवेना. आणि तिला रडू फुटलं, खरंखुरं, हुंदके देऊन. कशासाठी ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. त्या खोलीसाठी, त्या खिडकीसाठी, समोर बसलेल्या म्हातारीच्या लेकीसाठी, आणि स्वतःची अशी लाज वाटली त्यासाठी. "रड माय, रड," सुंदरबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "दोन वरीस लेकीसारखं ठेवलं तिनं तुले. रडनंच लागते."

दोन वरीस! मेहरबीने मान वर केली. तिने नमराकडे बघितलं, मग चंदाकडे, मग पुन्हा नमराकडे. ती शिकलेली नसेल, पण खुळी नव्हती. तिला समजलं.

"हाव बाई," मेहरबी सुंदरबाईला म्हणाली, सावकाश, शब्द शोधत. "लेकीसारखंच ठेवलं."

पाच वेळा नमाज पढणारी बाई. आयुष्यात दुकानातल्या गिऱ्हाइकालासुद्धा कापूस नवा आहे की जुना यावर खोटं न बोललेली. आणि ती तिथे न थांबता पुढे बोलत राहिली, पण आता जे बोलत होती ते खोटं नव्हतं. "त्या बाईले म्या फोनवर पाह्यलं होतं. मले हात केला तिनं. तोंडावरूनच समजते ना, मानूस कसं हाय ते. पोरीले तिकडं जायचं हाय, बाई. मले इचारलं तिनं. मी काही बोलली नाही. पोरीच्या बापाची छाती अशी." तिने आतल्या खोलीकडे बोट केलं. "पन मंग म्या शादाबशी बोलली. म्हनलं, वर्षभर बापाले नागपूरले ठेव. तो हो म्हनला. येत्या जुम्म्याले मी हिले सांगनार होती, जा बेटा म्हनून."

नमराने तोंडावरची ओढणी काढली. "अम्मी?"

"जा म्हननार होती," मेहरबी म्हणाली, आणि आता तिचाही आवाज फाटला. "एकलीले परमुलखात धाडाले माहा जीव होत नव्हता. पन ती बाई हाय, म्हनलं. विधवा हाय, वयाची हाय, पोरीवर नजर ठेवीन. तिच्याच भरवशावर माहा जीव धजला होता. आता कोनाच्या भरवशावर धाडू?"

सुंदरबाईने तिचा हात हातात घेतला. "नका धाडू, बाई," ती म्हणाली. "म्या धाडली होती. नका धाडू."

दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून रडल्या. चंदा त्यांच्या पायाशी बसून भाकरीवरच्या माश्या वारत होती. नमराने बोलायला तोंड उघडलं. बोलली असती तर काय बोलली असती? आजी, तुम्ही ज्या बाईसाठी आलात ती मेलेलीच नाही, असं? चंदाने वर बघितलं, डोळे सुजलेले, आणि हळूच तेच वाक्य पुन्हा म्हटलं, दुःखात सोबत असल्याचं. नमराने तोंड मिटलं.

चारच्या एसटीने त्या दोघी गेल्या. नमरा त्यांना स्टँडवर सोडून आली. घरी आली तेव्हा मेहरबी सतरंजीवर तशीच बसली होती, भाकरीचं कापड मांडीवर. नमरा तिच्यासमोर बसली. आता घरात परकं कोणी नव्हतं. आता बोलायलाच हवं होतं.

"अम्मी, ऐका. पिलार मेली नाही. मी खोटं सांगितलं पोरांना. सर तिला पडद्यावर बोलावणार होते, म्हणून मी सांगितलं की ती वारली. मला काहीच माहीत नाही तिचं. ती असेल. ती नक्की असेल. मी शोधून काढते तिला."

मेहरबीने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग हात लांब करून तिने नमराच्या गालावरचं पाणी पुसलं.

"तिकडं राहून आली हे खोटं सांगतलं तू, ते समजलं मले," ती म्हणाली. "हौस होती तुले. त्याचं मले काही नाही. पन जित्या मानसाले मेलं म्हननारी पोर म्या नाही वाढवली." तिने उरलेली भाकर मोडली आणि अर्धी नमराच्या हातात दिली. "जायाचं म्हनून मेल्या बाईले जित्तं नको करू, बेटा. घे, खाऊन घे."